जुना भाग वाचवायचाय? आधी दुकानांचे भाडेकरार बघा, मग इमारती

शहरातला जुना भाग वाचवायची धडपड बहुतेक ठिकाणी इमारतीपासून सुरू होते. एखादी देखणी जुनी इमारत पाडणार अशी बातमी कानावर येते, लोक जमतात, सह्यांची मोहीम होते, फोटो सगळीकडे फिरतात आणि कधीकधी इमारत वाचते पण. मग काही वर्षांनी तिथून जावं तर कमानी त्याच, कठडे तेच, लाकडी जिना तोच, पण खालचा घड्याळं दुरुस्त करणारा गेलेला, छापखाना गेलेला, शिंपी गेलेला, आणि त्यांच्या जागी जी दुकानं आलीत ती कुठल्याही शहरातल्या कुठल्याही मॉलमध्ये बघायला मिळतात. याचं फार वाईट वाटतं, कारण लोकांनी खरंच कष्ट घेतलेले असतात, फक्त त्यांना वेळेवर कोणी सांगितलेलं नसतं की हेरिटेजचा कायदा भिंतीला लागू होतो, भिंतीच्या आत धंदा करणाऱ्याला नाही. इमारत पाडायला परवानग्या लागतात, नोटिशी निघतात, त्यात वेळ जातो आणि तेवढ्यात काहीतरी करता येतं. दुकान मात्र भाडेकरार संपला की गुपचूप रिकामं होतं, त्याची कुठेही सुनावणी होत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की दोन्ही कामं हातात घ्या, पण दुकानांचं आधी घ्या. कसं ते पुढे लिहितोय, क्रम माझा आहे, तुमच्या भागाची गरज वेगळी असेल तर मागेपुढे करा.

पहिलं काम नोंदीचं, आणि ते आजच सुरू करता येतं कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही. एक रस्ता निवडा, सगळा भाग एकदम घेऊ नका, आणि त्या रस्त्यावरचं एकेक दार क्रमाने लिहून काढा. समोरून सरळ काढलेला फोटो, पाटी, मजले, दर्शनी भागाची रुंदी, दारं-खिडक्या कशाच्या, काय मूळचं आहे आणि काय नंतर बसवलंय. जुने नकाशे, जुन्या जाहिराती, लोकांच्या घरातले लग्नाचे किंवा मिरवणुकीचे फोटो यात मागे रस्ता दिसतो, ते मागून घ्या आणि स्कॅन करून लगेच परत द्या. नोंदीची किंमत वेळ आल्यावर कळते. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सॉचं जुनं शहर जवळपास पूर्ण उद्ध्वस्त झालं, तरी ते पुन्हा उभं करता आलं याचं एक मोठं कारण म्हणजे तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकलेच्या मंडळींनी इमारतींची मोजमापं घेऊन रेखांकनं करून ठेवली होती आणि ती लपवून जपली होती, जोडीला अठराव्या शतकातली शहराची बारकाईने काढलेली चित्रं होती. १९८० मध्ये ते जुनं शहर जागतिक वारसा यादीत गेलं. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये, पण आग लागते, रात्रीत भिंत पाडली जाते, आणि मग "इथे आधी काय होतं" हे सिद्ध करायला कागद लागतो.

इमारतीच्या नोंदीसोबत दुकानाची नोंद करा आणि ही जास्त महत्त्वाची. दुकान किती साली सुरू झालं, कितव्या पिढीकडे आहे, जागा स्वतःची की भाड्याची, भाड्याची असेल तर करार कधी संपतो, तो वाढवून घ्यायची सोय करारात लिहिलेली आहे का, मालकाला इमारत विकायची किंवा पाडायची झाली तर भाडेकरूचं काय होणार ते लिहिलंय का, पुढे दुकान चालवणारं घरात किंवा कामगारांत कोणी आहे का. आणि एक प्रश्न सरळ विचारा, "उद्या तुम्हाला दुकान बंद करावं लागलं तर ते कशामुळे?" या प्रश्नाला लोक फार खरी उत्तरं देतात. कोणी म्हणेल भाडं, कोणी म्हणेल गुडघे, कोणी म्हणेल माल उतरवायला गाडी लावू देत नाहीत. ही माहिती मिळाल्यावर तुम्हाला कळतं की मोर्चा नक्की कशासाठी काढायचा. मात्र भाडेकराराच्या तारखा आणि आकडे कुठेही पोस्ट करू नका, ग्रुपवर टाकू नका, दोन-तीन विश्वासातल्या माणसांकडेच ठेवा, कारण हीच यादी चुकीच्या हातात गेली तर कोणाचं दुकान कधी उचलता येईल याचा तयार तक्ता होतो.

आता "भागाचं कॅरॅक्टर" म्हणजे काय हे सुरुवातीलाच कागदावर उतरवा, कारण सुनावणीत "आमच्या भागाचं जुनेपण जपा" एवढं म्हणून भागत नाही, समोरचा अधिकारी विचारतो नेमकं काय जपू. बहुतेक लोक नक्षी, रंग, कौलं असं सांगतात आणि खरी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे प्लॉटची रुंदी आणि दारांची संख्या. जुना रस्ता चालायला छान वाटतो कारण दर चार पावलांवर नवीन दार येतं. डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांनी रस्त्यांचा अभ्यास करून सांगितलंय की शंभर मीटरमध्ये पंधरा ते वीस लहान दुकानं असली की रस्ता जिवंत वाटतो. तीन-चार लहान प्लॉट एकत्र करून एक मोठं शोरूम झालं की दर्शनी भाग कितीही जुन्या स्टाईलचा बांधला तरी दारं गेली, आणि लहान दुकानदाराला परवडेल अशी लहान जागाच उरली नाही. याच्यावर नियम करता येतो. न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइडमध्ये २०१२ साली काही रस्त्यांवर दुकानाच्या दर्शनी रुंदीला ४० फुटांची मर्यादा घातली आणि बँकांना २५ फुटांची, कारण बँकेच्या लांबलचक काचा रस्ता खाऊन टाकत होत्या. मला हा नियम फार आवडतो. त्यात कोणावर बंदी नाही, बँका सोडल्या तर कोणाचा धंदा कसला ते विचारत नाही, फक्त आकार धरून ठेवतो. तुमच्या मागण्यांच्या यादीत प्लॉट एकत्रीकरणावर बंधन आणि दर्शनी रुंदीची मर्यादा या दोन गोष्टी सगळ्यात वर ठेवा.

इमारतींच्या कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यावर माहिती सहज मिळते. संरक्षण दोन प्रकारचं असतं, एकेका इमारतीचं आणि आख्ख्या भागाचं. एकेकट्या इमारतीचं संरक्षण कडक असतं पण आजूबाजूला काहीही उभं राहू शकतं, भागाचं संरक्षण थोडं सैल असतं पण रस्त्याची एकसंधता टिकते. आख्ख्या भागाला झोनिंगमधून, म्हणजे कुठल्या भागात काय बांधता येईल ते ठरवणाऱ्या नियमांतून, संरक्षण द्यायची सुरुवात अमेरिकेत चार्ल्सटनने १९३१ मध्ये केली, फ्रान्सने १९६२ च्या कायद्याने संरक्षित विभाग ठरवायला सुरुवात केली, ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने "कॉन्झर्वेशन एरिया" आले. न्यूयॉर्कला मात्र धक्का बसावा लागला, तिथलं पेन स्टेशन हे जुनं रेल्वे स्थानक १९६३ पासून पाडायला घेतलं आणि त्याच्या हळहळीतून १९६५ चा लँडमार्क कायदा झाला. जिथे श्रेणी असतात, म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रेड वन, टू स्टार आणि टू किंवा मुंबईच्या १९९५ च्या हेरिटेज नियमांतल्या तीन श्रेणी, तिथे आधी हे बघा की सगळ्यात खालच्या श्रेणीला खरोखर किती संरक्षण मिळतं, कारण तुमच्या गल्लीतल्या साध्या इमारती तिथेच येणार.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. एक, हेरिटेजच्या यादीत "वापर" सहसा येत नाही. इमारत तशीच ठेवून आत काहीही करता येतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून दुकान, कॅफे, ऑफिस, जिम, दवाखाना हे सगळं एकाच वापर-वर्गात टाकलंय, म्हणजे दुकानाचं ऑफिस करायला वेगळी प्लॅनिंग परवानगीच लागत नाही. उलट पॅरिसने २००६ च्या विकास आराखड्यात ठरावीक रस्ते आखून दिले जिथे तळमजल्यावरच्या दुकानाच्या जागेचं दुसरं काही करता येत नाही. दोन्ही नियोजनाचेच नियम आहेत, फरक फक्त कोणी काय मागितलं आणि कोणी काय लिहिलं याचा. तेव्हा तुमच्या शहराच्या आराखड्यात "तळमजल्याचा वापर" या शब्दांखाली काय लिहिलंय ते शोधून वाचा. दुसरी गोष्ट, पाट्या आणि उंची. जपानमधल्या क्योटोने २००७ मध्ये मध्यवर्ती भागातली कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणली, गच्चीवरचे जाहिरात फलक आणि लुकलुकणाऱ्या पाट्या बंद केल्या आणि असलेल्या काढायला काही वर्षांची मुदत दिली. पाट्यांचा नियम लहान वाटतो पण स्वस्त आहे, लवकर दिसतो आणि लोकांना हुरूप येतो, त्यामुळे सुरुवातीला पदरात पाडून घ्यायला उत्तम.

आता मुख्य विषय, भाडं.

बार्सिलोनाचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. स्पेनमध्ये १९९४ साली नवीन भाडेकायदा आला आणि जुन्या, कमी भाड्याच्या दुकानांच्या करारांना वीस वर्षांची मुदत दिली. वीस वर्षं म्हणजे एक पिढी. सगळ्यांना तारीख माहीत होती, ३१ डिसेंबर २०१४. तरीसुद्धा ती तारीख आली तेव्हा कितीतरी जुनी दुकानं एकदम बंद झाली, कारण नवीन भाडं जुन्याच्या कितीतरी पट होतं आणि त्या वीस वर्षांत ठोस पर्याय कोणी उभा केला नव्हता. मलेशियातल्या जॉर्ज टाऊनमध्येही हेच, तिथलं भाडेनियंत्रण १९९७ च्या कायद्याने रद्द ठरलं, २००० पासून ते प्रत्यक्षात उठलं आणि जुन्या दुकानघरांमधली कितीतरी कुटुंबं आणि कारागीर बाहेर पडले. २००८ मध्ये जेव्हा शहर जागतिक वारसा यादीत आलं तेव्हा इमारती होत्या, त्यातली बरीच माणसं नव्हती, आणि यादीत आल्यावर जागांचे भाव आणखी चढले. यातून घ्यायचं ते असं की तुमच्या रस्त्यावर कोणकोणते करार पुढच्या दोन-तीन वर्षांत संपतायत ते आत्ताच बघा आणि संपायच्या निदान दीड वर्ष आधी बोलणी सुरू करा. शेवटच्या महिन्यात दुकानदाराच्या हातात खेळायला काहीच पत्ते उरलेले नसतात.

बोलणी कशाची करायची? लोक फक्त भाड्याच्या आकड्यावर भांडतात, पण आकड्यापेक्षा अटी जास्त वाचवतात. मुदत लांब घ्या, शक्यतो दहा वर्षं, आणि पुढे वाढवायचा हक्क दुकानदाराच्या बाजूने लिहून घ्या. भाडेवाढ "बाजारभावाप्रमाणे" असं मोघम कधीच लिहू देऊ नका, दरवर्षी इतके टक्के किंवा महागाई निर्देशांकाप्रमाणे पण अमुक टक्क्यांच्या वर नाही असं स्पष्ट लिहा. मालकाला जागा विकायची झाली तर आधी भाडेकरूला विचारायचं ही अट टाका. इमारत पाडून नवीन बांधायची झाली तर मधल्या काळात पर्यायी जागा कुठे, किती दिवस, आणि परत येताना किती चौरस फूट आणि कुठल्या भाड्याने, हे सगळं आकड्यांत. "परत घेऊ" एवढ्या तोंडी शब्दावर दुकान सोडायचं नाही, समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी, कारण मधल्या काळात इमारत दुसऱ्यालाच विकली जाऊ शकते आणि नव्या मालकाने तो शब्द दिलेला नसतो. दुकान मुलाला, पुतण्याला किंवा कामगाराला देता येईल अशी हस्तांतरणाची अट पण हवीच. आणि करार नोंदवून घ्या. एकट्या दुकानदाराला वकील परवडत नाही, म्हणून रस्त्यावरच्या आठ-दहा जणांनी मिळून एक वकील धरा आणि सगळ्यांसाठी एकच नमुना करार बनवून घ्या, हे मला वाटतं कुठल्याही हेरिटेज वॉकपेक्षा जास्त कामाचं आहे.

शहराकडे काय मागता येईल तेही बघू. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये "लेगसी बिझनेस" म्हणजे वारसा दुकानांची अधिकृत नोंदवही सुरू केली. साधारण तीस वर्षांहून जुनं दुकान, भागाच्या इतिहासात किंवा ओळखीत त्याचं स्थान, आणि ज्या गोष्टींमुळे ते ओळखलं जातं, म्हणजे नाव, काम, पद्धत, कला, त्या टिकवायची दुकानदाराची तयारी, असे निकष. त्याच वर्षी मतदारांनी त्यासाठी निधी मंजूर केला, आणि त्यातली हुशारी अशी की पैसे फक्त दुकानदाराला नाहीत, जो घरमालक अशा दुकानाला दहा वर्षांचा करार देईल त्यालाही अनुदान, सुरुवातीच्या योजनेत वर्षाला चौरस फुटामागे साडेचार डॉलर. मालकाला शत्रू न मानता त्याला लांब करार करायचं कारण दिलं. लिस्बननेही ऐतिहासिक दुकानांची अशीच यादी केली आणि पोर्तुगालने २०१७ च्या कायद्याने अशी मान्यता मिळालेल्या दुकानांना भाडेकरारात जादा संरक्षण दिलं. म्हणजे यादी ही फक्त दारावर लावायची पितळी पाटी नसावी, यादीत आलं की कराराला काहीतरी फायदा मिळाला पाहिजे, ही मागणी सोडू नका. नुसती पाटी मिळत असेल तर ती घ्या, पण तिथे थांबू नका.

साखळी दुकानांचा प्रश्न हमखास निघतो. सरसकट बंदी मागितली की कोर्टात आणि चर्चेत दोन्हीकडे अडचण होते. सॅन फ्रान्सिस्कोने बंदी न घालता व्याख्या केली, ज्या दुकानाच्या तशाच आणखी अकरा किंवा जास्त शाखा आहेत ते साखळी दुकान, आणि २००६ पासून रहिवासी बाजारपेठांमध्ये अशा दुकानाला वेगळी परवानगी आणि जाहीर सुनावणी लागते. काहींना परवानगी मिळतेसुद्धा, पण शेजाऱ्यांना आधी कळतं आणि बोलता येतं. मला हाच मार्ग जास्त टिकाऊ वाटतो.

सगळ्यात पक्कं संरक्षण अर्थातच मालकी. जिथे जमेल तिथे जागा विकत घेणं, दुकानदाराने, सहकारी संस्थेने किंवा शहराने. पॅरिसच्या महापालिकेने २००४ पासून एका निमसरकारी कंपनीमार्फत तळमजल्यावरच्या जागा विकत घेऊन त्या लहान दुकानदारांना, कारागिरांना, पुस्तकविक्रेत्यांना भाड्याने द्यायची योजना चालवली, आणि फ्रान्समध्ये २००५ पासून पालिकांना असाही हक्क आहे की ठरवलेल्या भागात दुकानाचा धंदा किंवा त्याचा भाडेकरार विकला जात असेल तर पालिका आधी स्वतः घेऊ शकते. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने समाजाला मोलाची असलेली जागा नोंदवता येते, त्यासाठी मोठी संस्था लागत नाही, मतदार यादीतले एकवीस स्थानिक लोक एकत्र आले तरी अर्ज करता येतो. अशी जागा विकायला काढली आणि लोकांनी सहा आठवड्यांत "आम्हाला बोली लावायचीय" असं कळवलं तर एकूण सहा महिने विक्री थांबते, तेवढ्यात पैसे उभे करायचे. लंडनमधल्या नन्हेड भागातलं आयव्ही हाउस हे पब असंच वाचलं, बंद पडून विकलं जाणार होतं, लोकांनी इमारतीला हेरिटेज दर्जा मिळवला, समाजाची जागा म्हणून नोंद केली, आणि २०१३ मध्ये ते सहकारी मालकीने घेतलं. पण हे लक्षात ठेवा की हा कायदा फक्त वेळ देतो, मालकाने तुम्हालाच विकावं अशी सक्ती नाही आणि नोंद पाच वर्षांनी संपते. म्हणजे नोंद झाल्यावर स्वस्थ बसायचं नाही, विक्रीची पाटी लागायच्या आधीच पैसे कुठून येतील त्याचा हिशोब तयार ठेवायचा.

घरमालकांशी कसं बोलायचं यावर थोडं सविस्तर लिहितो कारण इथे बऱ्याच चळवळी फसतात. जुन्या इमारतीचा मालक बहुतेक वेळा श्रीमंत बिल्डर नसतो, तुटपुंजं भाडं येतंय, छप्पर गळतंय आणि दुरुस्तीला पैसे नाहीत असा माणूस असतो. त्याच्या घराला हेरिटेज म्हणून बांधून टाकायचं आणि खर्च त्याच्या गळ्यात मारायचा हे अन्यायाचं आहे, आणि असा मालक इमारत हळूहळू पडू देतो, मग एक दिवस ती धोकादायक ठरते आणि सगळा विषयच संपतो. म्हणून त्याच्याकडे मागणी घेऊन जाताना हातात काहीतरी न्या, करात सवलत, दुरुस्ती अनुदान, कमी व्याजाचं कर्ज, किंवा त्या प्लॉटवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची सोय म्हणजे टीडीआर. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनचं संरक्षण कायम ठेवलं तेव्हा वरचा न वापरलेला हक्क शेजारच्या प्लॉटवर नेता येतो ही गोष्ट निकालात महत्त्वाची ठरली होती.

आणि दुरुस्तीचं तेवढं नीट सांगा, फुकटात मोठं नुकसान टळतं. जुन्या मऊ विटा आणि चुन्याच्या सांध्याला सिमेंट लावू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट अडवतं, मग ओल विटेतून बाहेर पडायला बघते आणि विटेचे पापुद्रे सुटतात, म्हणजे सांधा टणक राहतो आणि वीट मरते. भिंत साफ करायला वाळूचा मारा करू नका, विटेची भाजलेली वरची कातडी निघून जाते आणि ती परत येत नाही. प्लास्टिक रंगाचंही तेच, ओल आत कोंडते. जुनी लाकडी खिडकी सडली असेल तर बहुतेक वेळा खालचा पट्टाच सडलेला असतो, तेवढा बदलला की खिडकी पुढची कित्येक वर्षं चालते. भागातल्या एक-दोन गवंड्यांना चुन्याचं काम येत असेल तर त्यांचे नंबर सगळ्या मालकांकडे पोचवा, हे काम करणारी माणसं कमी होत चाललीत आणि त्यांना काम मिळत राहणं हासुद्धा वारसा टिकवण्याचाच भाग आहे.

वारसदार नसणं हे दुकान बंद पडायचं असं कारण आहे ज्यावर कोणी मोर्चा काढत नाही. मुलं दुसरीकडे गेलीत, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी दुकानदाराला साठीच्या आतच विचारा की कामगारांपैकी कोणी चालवेल का, शिकाऊ ठेवायचा का, धंदा नावासकट विकायचा का. ब्रिटनमध्ये २०१४ पासून कामगारांच्या ट्रस्टला धंदा विकला तर करात सवलत आहे, तुमच्याकडे असं काही असेल तर माहिती काढा. हिशोबाच्या वह्या नीट नसल्या की घेणारा पळतो, म्हणून दोन-तीन वर्षांचे हिशोब स्वच्छ करून देणारा एखादा स्वयंसेवक अकाउंटंट मिळाला तर दुकान वाचू शकतं, अतिशयोक्ती नाही.

सुनावणीला जाताना तयारीने जा. नोटीस लागल्यावर हरकतीसाठी फार दिवस नसतात, इंग्लंडमध्ये साधारण एकवीस, म्हणून नोटिशी बघायची जबाबदारी आठवड्यानुसार वाटून घ्या. एकाच मजकुराची दोनशे पत्रं पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या शब्दांतली वीस पत्रं जास्त वाचली जातात. पत्रात कलम लिहा, उंची, सावली, माल उतरवायची जागा, दर्शनी रुंदी, आराखड्यातलं वाक्य, यावर बोला. "आमच्या धंद्याला स्पर्धा होईल" किंवा "आमच्या घराची किंमत पडेल" हे मुद्दे बहुतेक ठिकाणी विचारातच घेतले जात नाहीत. अधिकाऱ्याला सुनावणीच्या आधी भेटा, एक पान घेऊन, त्यावर काय नको यापेक्षा काय चालेल ते लिहा. काय चालेल हे सांगता आलं नाही तर तुम्ही सगळ्यालाच विरोध करणारे ठरता आणि पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. मागच्या बाजूला उंची वाढली तर चालेल, वरच्या मजल्यांवर घरं झाली तर उलट हवीच आहेत, कारण दुकानं रहिवाशांवर जगतात. इटलीतल्या बोलोन्याने १९७० च्या दशकात जुन्या शहराच्या जतनाच्या योजनेत घरांची दुरुस्ती करताना तिथल्या कष्टकरी कुटुंबांना तिथेच ठेवायचा प्रयत्न केला तो याच विचाराने. व्हेनिसच्या ऐतिहासिक शहरात १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहायचे, २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. राहणारेच नाहीत तर चपला शिवून घ्यायला आणि किल्ली बनवून घ्यायला येणार कोण.

नवीन रहिवासी आले की आवाजाच्या तक्रारी येतात, सुतारकाम, छापखाना, गाण्याची जागा यांच्याविरुद्ध. त्यासाठी इंग्लंडच्या २०१८ च्या नियोजन धोरणात आलेलं तत्त्व मागून घ्या, जो नंतर येतो त्याने आवाज अडवायची सोय करायची, आधीपासून असलेल्याने धंदा गुंडाळायचा नाही. आणि रस्ता खोदायचा असेल तर टप्प्याटप्प्याने खोदा, प्रत्येक दुकानापर्यंत पायवाट चालू ठेवा, "दुकान उघडं आहे" अशा पाट्या ठेकेदारानेच लावायच्या, हे सगळं टेंडरमध्येच लिहून घ्या. भाडेवाढ सोसलेली दुकानं कित्येक महिने चाललेल्या खोदकामात बुडतात.

तुमचं काम यशस्वी झालं की पर्यटक येतील, त्याचीही तयारी ठेवा. ॲमस्टरडॅमला २०१७ मध्ये मध्य शहरात फक्त पर्यटकांसाठीची नवी दुकानं उघडायला मनाई करावी लागली. जपानमधल्या त्सुमागो या जुन्या महामार्गावरच्या मुक्कामाच्या गावातल्या रहिवाशांनी गर्दी व्हायच्या सुरुवातीलाच, १९७१ मध्ये, आपसांत सनद केली होती, विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. शहरात इतकं कडक जमणार नाही, पण रोजच्या कामाची दुकानं, किराणा, दुरुस्ती, औषधं, कपडे शिवणं, ही रस्त्यावर किती उरलीत हे वर्षातून एकदा मोजा. नक्षी किती उरली त्यापेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो.

आणि सगळं करूनही एखादं दुकान बंद होणारच असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघत बसू नका. दुकानदाराची परवानगी घेऊन आतलं रेकॉर्डिंग करा, तो काम कसं करतो ते हातांसकट, अवजारांची नावं त्याच्याच तोंडून. पाटी, काउंटर, कपाटं जागेवरच राहतील का ते मालकाला विचारा, नाहीतर नेऊन नीट ठेवा आणि कुठली वस्तू कुठून आली त्याची चिठ्ठी लावा. मग लगेच मालकासमोर दुसरा भाडेकरू उभा करा, त्याच कामातला किंवा निदान तेवढ्याच लहान जागेत मावणारा, आणि दीर्घ करार जमत नसेल तर सहा महिन्यांचा तात्पुरता का होईना. शटर जास्त दिवस बंद राहिलं की शेजारच्या दोन जागांसोबत ती एकत्र करून घेणारा कोणीतरी येतोच, म्हणून पुढच्या भाडेकरूंची नावं आधीपासून यादीत तयार हवीत.